दादाची जागा

मी आळशी हाय, हे आमच्या गावात कुत्र्यालाबी ठाऊक. तारापूरच्या एका कंपनीत कंत्राटावर ड्रम धुवायचो. ठेकेदारानं घरी बसवलं तेव्हा बोलला, "तू गेलास तर काम अडंल का उरकंल, तेच कळत नाय." तवापासून ओट्यावर बसून गावाला हसवतो. बिनपगारी.

दादा बोटीवर खलाशी होता. 'होता' बोललो की वहिनी उठून आत जाते, म्हणून घरात 'हाय'च बोलायचं. एका फेरीला बोट परत आली, दादा नाय आला. जाळं ओढताना पाण्यात गेला, बोटीचा म्होरक्या तांडेल बोलला. अंग सापडलं नाय. वहिनीनं बांगड्या काढल्या नाय. त्याचं ताट रोज वाढते, भात गार झाला की मी खातो. पयल्या दिवशी घास उतरला नाय. आता मीठ कमी असलं तर मागतो, असला मी.

सकाळी कदी कदी दारातल्या त्याच्या चपला ओल्या दिसतात. कुणाला सांगत नाय. सांगितलं तर लोक हसतील.

एक दिवस कामधंद्याची पाहणी करणारी सरकारी ताई परत आली. मागं आलेली तेव्हा दादानंच तिला सुकट बांधून दिलेली. हातातल्या टॅबवर बघून तिनं विचारलं, "घरात माणसं तेवढीच ना?"

"तेवढीच," वहिनी बोलली. जवळा निवडत बसलेली.

"मोठे भाऊ. गेल्या सात दिवसांत कामावर गेले होते?"

वहिनी माझ्याकडं बघायला लागली.

"काम हाय त्याचं," मी बोललो. "सध्या जात नाय."

"कारण? आजारपण, रजा, खराब हवामान..."

"हवामान," वहिनी बोलली.

बाहेर ऊन असं की दोरीवरचे बोंबील कडकडीत झालेले. ताईनं बाहेर बघितलं, वहिनीकडं बघितलं, आणि टॅबवर बोट दाबलं.

"आणि तुम्ही? काम शोधताय?"

"ताई, काम मला शोधतं. मी लपतो."

ती हसली. "मिळालं तर कराल? आत्ता, लगेच?"

वहिनीचा हात थांबला. तांडेल आदल्या दिवशीच येऊन गेलेला: "चल बोटीवर, भावाच्या जागी. किती दिस रिकामी ठेवू?" दाराआडून तिनं ऐकलेलं.

"नाय," मी बोललो.

"मग तुम्ही बेकारांतसुद्धा येत नाही. काम शोधत नाही, करायलाही तयार नाही."

"बघा, बेकारांनीबी मला काढलं!"

ताई हसत गेली. वहिनी हसली नाय. जवळा तसाच सुपात ठेवून बोलली, "भावोजी, तुमी नाय गेलात तर तांडेल दुसरा माणूस घेईल ना त्यांच्या जागेवर?"

उठलो, किनाऱ्यावर गेलो.

"तांडेल, मी येतो," बोललो. "फक्त ह्या फेरीला नको. पोट बिघडलंय. पुढच्या फेरीला नक्की. जागा ठेव."

तवापासून दर फेरीला कायतरी बिघडतं. पोट, दात, कंबर. तांडेल आयमाय काढतो, आणि एक माणूस कमी घेऊन बोट सोडतो.