फ्रेमबाहेरच्या माणसाच्या चपला

यंदा फेब्रुवारीत, एका शनिवारी दुपारी, बोरिवली पश्चिमेच्या एका सिनेमा-पार्कमधल्या बंद खोलीत कोणीतरी चपला घालून चालल्याचा आवाज रेकॉर्ड झाला. त्या वेळी खोलीत माणूस नव्हता, चपलाही नव्हत्या. मी खोलीच्या काचेच्या अलीकडे उभा होतो.

बरीच वर्षं मी वर्तमानपत्रासाठी उपनगरांच्या बातम्या केल्या. ‘आमच्या बिल्डिंगमध्ये काहीतरी आहे’ म्हणून फोन यायचे. त्यामागे बहुतेकदा बिल्डर निघायचा, नाहीतर भाडेकरूंचं भांडण. असल्या गोष्टींवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही... म्हणून इथे फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहितो.

पार्कची जागा म्हणजे गोराई खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक जुना स्टुडिओ. तो बंद पडला, बहुतेक जमिनीवर टॉवर आले, तीन शेड उरल्या. त्यांचंच पार्क झालं. पहिल्या शेडमध्ये कोर्टाचा सेट आहे. पिंजऱ्यात उभं राहून डायलॉग मारायचा. दुसरीत छताच्या पाइपांतून पाऊस पडतो, त्यात छत्री घेऊन नाचायचं. तिसरी शेड आवाजाची. पडद्यावर एक मुका प्रसंग चालू होतो आणि पाहुण्यांनी त्याला पावलांचे, दारांचे, भांड्यांचे आवाज द्यायचे. तयार क्लिप मोबाइलवर मिळते.

ही तिसरी शेड माझी मोठी बहीण सुजाताताई सांभाळते. तिचं अर्धं आयुष्य सिनेमांना असे आवाज देण्यात गेलं. पुढे कॉम्प्युटरमध्ये तयार आवाज आले आणि तिला कोणी बोलवेना. पन्नाशीनंतर ही नोकरी मिळाली तेव्हा तिने चारकोपच्या सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले होते.

जानेवारीत तक्रारी सुरू झाल्या. प्रसंग एका जुन्या सिनेमातला, साधा होता. चाळीच्या गॅलरीतून टाचेच्या सँडल घातलेली एक बाई चालत जाते. पाहुण्यांनी त्या सँडलचा आवाज द्यायचा. पण घरी जाऊन क्लिप ऐकली की तिच्या टॉकटॉकच्या मागे कोल्हापुरी चपलांची करकर ऐकू यायची. एक मुलगी घाबरली, तिच्या आईने पार्कबद्दल नेटवर वाईट लिहिलं.

“विक्रांतला वाटतं मीच करते,” ताई फोनवर म्हणाली. विक्रांत म्हणजे पार्कचा मॅनेजर. “म्हणतो, मॅडम, आवाज घुसडायची तुमची जुनी सवय ना!”

“तू करतेस का?”

“तू भाऊ आहेस का पोलीस रे?”

“उत्तर दे ना.”

“नाही करत. झालं समाधान? आता ये आणि बघ. नोकरी जाईल माझी.”

माझा पहिला संशय विक्रांतवर होता. पार्कला गर्दी कमी होती, भुताच्या गोष्टीने ती वाढली असती. म्हणून चाचणी मी ठरवली. त्या खोलीचा एक नियम आहे, स्वतःची पायताणं बाहेर काढायची. आतल्या रॅकवर फक्त कामाच्या चपला आणि बूट असतात. त्या दुपारी आम्ही तो रॅकही उचलून अंगणात नेला. खोलीत एक माइक ठेवला. त्याची वायर मी भिंतीपासून मशीनपर्यंत हाताने तपासली. दार लावून घेतलं. ताई अनवाणी माझ्या शेजारी उभी राहिली, विक्रांत मागे. मशीनवर गोराईचा रॉयस्टन बसला, तो पार्कचा साउंडवाला. त्याने क्लिप सुरू केली.

काचेतून खोली रिकामी दिसत होती. हेडफोनमध्ये करकर सुरू झाली. चार पावलं, मग थांबा, मग पुन्हा पावलं.

“हा मध्येच थांबतो का?” मी विचारलं.

रॉयस्टनने मान वळवली. “फुल फ्रेममध्ये मागे एक माणूस आहे ना... तो थांबतो.”

“कुठला माणूस?” ताईने विचारलं.

क्लिप मोबाइलवर उभी बसावी म्हणून पार्कने मूळ चित्राच्या दोन्ही बाजू कापल्या होत्या. रॉयस्टनने अख्खं चित्र लावलं. डाव्या बाजूला, बाईच्या मागून, धोतर आणि कोल्हापुरी घातलेला एक माणूस येत होता. मध्येच थांबून तो खाली चौकात डोकावतो, पुन्हा चालतो. आवाज त्याच्या पावलांवर अचूक बसत होता. एका दाराशी तो पोहोचतो आणि चित्र संपतं.

विक्रांत टाळ्या वाजवत म्हणाला, “झकास! म्हणजे मॅडमनी ओरिजिनल बघून सगळं बसवलंय. रॉयस्टन सामील. आणि भाऊ आलेत सर्टिफिकेट द्यायला. मॅडम, सोमवारपासून येऊ नका.”

“मी ते चित्र आत्ता पहिल्यांदा बघितलं,” ताई म्हणाली.

“सगळे असंच म्हणतात.”

त्या क्षणी माझाही संशय ताईकडे वळला. तिलाही तो कळला. घरी जाताना तिने वेगळी रिक्षा केली.

रात्रभर विचार करून मी एकच शक्यता धरली. या सिनेमाला कधीतरी आवाज दिला गेला असणार आणि तोच कुठून तरी मिसळतोय. पार्कच्या म्हणण्याप्रमाणे तो सिनेमा अर्धवटच राहिला, आवाजाचं काम झालंच नाही. पण प्रवेशद्वाराशी, काचेच्या कपाटात, त्याच सिनेमाच्या रिळांचे आणखी डबे होते. गंजलेले, जुन्या टेपने बंद.

“ते शोपीस आहेत,” विक्रांत म्हणाला.

“मग उघडल्याने काय बिघडतं? ताई खोटी ठरली तर तुमचंच खरं होईल.”

आमच्यासमोर रॉयस्टनने स्क्रू ड्रायव्हरने डबे उघडले. टेप कुठेही आधी सुटलेली नव्हती. आवाजाची पट्टी एकाही डब्यात नव्हती. एका डब्यातलं चित्र धड होतं. ते अंधेरीच्या लॅबमधून कॉम्प्युटरवर उतरवून आणलं.

त्याआधीच शनिवारचं रेकॉर्डिंग मी शेवटपर्यंत ऐकलं होतं. चित्र संपल्यावर रॉयस्टनने मशीन लगेच बंद केलं नव्हतं. करकर थांबल्यानंतर एक चप्पल पडल्याचा आवाज होता. मग काहीतरी दोनदा घासल्याचा. मग दुसरी चप्पल. हे रेकॉर्डिंग मी डबे उघडण्याआधीच विक्रांतला पाठवून ठेवलं होतं.

लॅबचं चित्र आम्ही चौघांनी विक्रांतच्या केबिनमध्ये पाहिलं. तीच गॅलरी, तेच दार. माणूस डावी चप्पल काढतो. उजवी निघत नाही, म्हणून पाय उंबऱ्यावर दोनदा घासतो. ती निघते. तो आत जातो. विक्रांतने स्वतःच्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग सोबत लावलं. ते जुळलं.

त्याने पुन्हा एकदा लावलं. मग टेबलाकडे बघत म्हणाला, “मॅडम... उद्या नेहमीच्या वेळेला या.”

“चित्र कापू नका मग,” ताई म्हणाली. “तो माणूस पण ठेवा.”

त्या आवाजाचं कारण मला अजून सापडलेलं नाही. रॉयस्टनला नाही, ताईलाही नाही.

क्लिप आता पूर्ण फ्रेममध्ये दाखवतात. बाईची पावलं पाहुणे देतात, माणसाची ताई. तक्रारी थांबल्या. चित्र दाराशी संपलं तरी रॉयस्टन मशीन थोडा वेळ चालू ठेवतो. आजवर त्यात काहीही आलेलं नाही.