एक कोयता कमी

कंपनीच्या बसवरून मला काढलं ते माझ्या तोंडामुळे. बस सुटायची वेळ सहा वीस. सुपरवायझर रोज पाच-दहा मिनिटं उशिरा यायचा आणि तीस माणसं त्याच्या नावाने बोटं मोडत बसायची. एक दिवस मी सहा वीसला बस काढली. तो मागून पळत आला तेव्हा आरशात बघून मी हसलो, हे मला कबूल आहे. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "स्वतःला कोण समजतोस?" मी म्हणालो, "ज्याला घड्याळ कळतं असा माणूस." आठ दिवसांत मी घरी.

नगरची भाड्याची खोली सोडून आम्ही पाथर्डीकडे गावाला आलो. पोरीची दहावी होती. तिला गावच्या शाळेत घातलं आणि म्हटलं, महिनाभरात कुठेतरी लागू. जड वाहनाचं लायसन्स आहे, एकवीस वर्षं गाडी हाकली आहे, अंगावर एक अपघात नाही. असल्या माणसाला काय कमी? ही माझी घमेंड. ती जिरायला पुढचे चार महिने पुरले.

नगरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत फिरलो. सोनईकडे कांद्याच्या गाड्या भरतात तिथे जाऊन उभा राहिलो. पुणतांब्याला एकाचा टेम्पो आहे असं कळलं, तिथे पोचेपर्यंत दुसरा ड्रायव्हर बसलासुद्धा होता. सगळीकडे एकच ऐकायचं, "कंपनीच्या बसवर हुता व्हय? तुमाला न्हाई जमायचं वो." गावात पारावर गेलो की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय, आज किती वाजता सुटली गाडी?" मी हसायचो. घरी येऊन भाकरी पुढे ढकलायचो. बायको ती उचलून झाकून ठेवायची, आणि मला तिचाच जास्त राग यायचा.

आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी माणसं कोयत्यावर मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माझे आई-वडील कोयता होते, थोरला भाऊ आणि वहिनी कोयता आहेत. मीही लहानपणी फडात पाचटावर झोपलो आहे. स्टेअरिंग हातात आलं म्हणून मी त्यातून सुटलो. भाऊ सुटला नाही. दर हंगामात तो पोरगी आमच्याकडे ठेवायचा. ती नववीला, आमची दहावीला. दोघी एकाच गोधडीत झोपायच्या आणि एकमेकींच्या वेण्या घालायच्या.

दसऱ्याच्या आधी भाऊ आला. म्हणाला, "मुकादमाला धा कोयते द्यायचेत. नऊ हायेत. तुमी येता का?"

आम्ही दोघं फडावर गेलो तर दोन्ही पोरींना कुणाजवळ ठेवायचं? आमच्या पोरीची दहावी बुडणार, हे लख्ख दिसत होतं. पण घरात बसून तरी काय करणार होतो?

"टोळी निघायच्या दिवसापत्तोर गाडी मिळाली न्हाई तर येतो," मी म्हणालो. "धर आमचा कोयता."

भावाने मुकादमाला दहा कोयत्यांचा शब्द दिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

टोळी निघायला दोन दिवस राहिले तेव्हा कोल्हारच्या बाजूच्या एका ट्रकमालकाचा पत्ता लागला. बायकोने सकाळी उठून माझ्या बुटांना पॉलिश केलं. कंपनीत बुटाशिवाय गाडीला हात लावू देत नसत, चप्पल दिसली की त्या दिवसाचा खाडा. म्हणून बूट. तेच घालून मी तडक मालकाच्या आवारात गेलो. तो म्हणाला, "चढ, बघू." मी बुटांसकट केबिनमध्ये चढलो.

"उतर!" मालक ओरडला. "लक्ष्मी हाय ती. बूट घालून चढतो व्हय रं? तुला कुनी शिकवलंच न्हाई? जा घरी."

मी खाली उतरलो. ट्रकवाले अनवाणी चढतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. एकवीस वर्षांच्या सवयीने घात केला. एरवी मी काहीतरी लागट बोलून पाठ फिरवली असती. त्या दिवशी मी बूट काढून हातात घेतले आणि म्हणालो, "चुकलं मालक. येक डाव बघा." तो आत निघून गेला. मी गेटाबाहेर लिंबाखाली बसलो. दुपार झाली. पाणी प्यायलाही उठलो नाही, न जाणो त्याच वेळी हाक आली तर. बेचाळीस वर्षांचा माणूस, मांडीवर बूट घेऊन, दुसऱ्याच्या दारात. मला तिथे बसल्या बसल्या रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

चारच्या सुमाराला मालक फोनवर कुणाला तरी शिव्या घालत बाहेर आला. त्याचा ड्रायव्हर ऐनवेळी दुसरीकडे लागला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. "ए बूटवाल्या, ये."

मी अनवाणी चढलो, स्टेअरिंगला हात लावून नमस्कार केला. मालक मागे भिंतीजवळ उभा राहिला आणि रिव्हर्स घ्यायला सांगून हात हलवू लागला. "येऊ दे. येऊ दे. आजून येऊ दे." मी आरशात बघत होतो. भिंत वीतभर राहिली तरी तो म्हणतच होता, "येऊ दे." मी ब्रेक दाबला.

"का रं थांबला? मी म्हनतोय ना येऊ दे."

"भिंत हाय मालक."

तो पहिल्यांदा हसला. त्याची परीक्षाच ती होती. त्याच्या हाताकडे बघून चालवणाऱ्याला तो गाडी देत नसे.

"परवा पाथर्डीकडं जायचं. टोळी आनायची हाय," तो म्हणाला, आणि त्याने सांगितलेलं गाव आमचंच निघालं. मुकादमही तोच. मला वाटलं, देवाने एकदाचे डोळे उघडले. मी तिथूनच भावाला फोन लावला. "दादा, गाडी मिळाली. आमी येत न्हाई आता."

त्याने गाडी कुणाची ते विचारलं. मग म्हणाला, "बरं झालं."

मी ट्रक घेऊन गावात शिरलो तेव्हा बायको कुंकू घेऊन उभी होती. तिने पुढच्या काचेला बोटं लावली. पोरीने चाकावर नारळ फोडला. चार महिन्यांनी आमच्या घरातलं कुणी मोठ्याने हसत होतं. मागे माणसं चढू लागली. भांडी, गोधड्या, सरपण, दोन शेळ्या. मी खाली उभा राहून बायामाणसांना हात देत होतो. सगळ्यात शेवटी वहिनी चढली, आणि तिच्या मागे माझी पुतणी.

"ही कुठं?" मी विचारलं.

भाऊ दोर आवळत होता. त्याने वर बघितलं नाही. मुकादमच बोलला, "येक कोयता कमी पडला ना. टोळीत येक येकटी म्हातारी हाय, तिच्या जोडीला धरलंय हिला. शब्द दिल्यावर कोयते भरायला नकोत?"

शब्द माझा होता. माझ्या बायकोच्या हातात कुंकवाचा करंडा तसाच राहिला. माझी पोरगी खाली ट्रकच्या फळीला धरून उभी होती आणि दोघी बहिणी काहीतरी बोलत होत्या, हसत होत्या. मला ओरडावंसं वाटलं, पुतणीला खाली उतर म्हणावंसं वाटलं. पण ती उतरली तर तिच्या जागी कोण चढणार, हे मला माहीत होतं. मी मुकाट्याने केबिनमध्ये जाऊन बसलो.

मागच्या जाळीतून पुतणीने हाक मारली. "काका, दिवाळीची सुट्टी सपली की तुमीच मला आनून सोडनार ना? पप्पा म्हनलेत तसं."

हंगाम होळीच्याही पुढे चालतो. टोळी मधे कुणाला सोडत नाही.

"व्हय," मी म्हणालो आणि गाडीला सेल मारला.