स्वतःवर उधळलेली फुलं

इंग्रज माणसाला बढाई मारायची असली की तो म्हणे स्वतःचंच ट्रम्पेट वाजवतो. असे गाण्याबजावण्याचे इंग्रजी वाक्प्रचार फ्रेंचमध्ये नेऊन बसवायचे, हे माझं काम. दिग्रसला घरी बसून, लाइट असेल तेव्हा. फ्रेंच माणूस ट्रम्पेट-बिम्पेट वाजवत नाही, तो स्वतःवरच फुलं उधळतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, हा नक्की आमच्या बाबांना भेटून गेला असणार!

बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. हे ट्रम्पेट माझ्या हातात होतं त्याच आठवड्यात त्यांचा सत्कार होता. आमच्याकडची रीत अशी, की ज्याचा सत्कार त्यानंच शाल, नारळ, हार आदल्या दिवशी गुपचूप मंडळाकडे पोचवायचे आणि स्टेजवर "अरे, हे कायले?" म्हणून लाजायचं. परिचयही स्वतःच लिहायचा. बाबांनी चार पानं लिहून टाइप करायला माझ्यापुढं टाकली. आर्णीपासून वणीपर्यंतच्या सगळ्या बदल्या त्यात होत्या. हार्मोनियमच्या परीक्षेत नापास झाले होते, तो 'संगीताचा व्यासंग' झाला होता. शेवटी लिहिलं होतं: मुलगा पुण्यात इंजिनिअर, मुलगी घरीच असते.

घरीच असते! सहा वर्षं दोन परक्या भाषांच्या मधे मान मोडून बसलेय मी. माझं काम एकदा, फक्त एकदा, बाबांच्या तोंडून चारचौघांत ऐकायचं होतं मला.

"बाबा, इथं माझं काम लिहू?"

"कायले? कोणाले समजते ते?"

मी पुन्हा न विचारताच लिहिलं: मुलगी इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतर करते.

रविवारी निवेदकानं ते वाक्य वाचलं आणि टाळ्या पडल्या. आधीच्या चार पानांना मिळून तेवढ्या पडल्या नव्हत्या. बाबांनी चमकून माझ्याकडं पाहिलं.

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी त्यांना घेरलं. "साहेब, पोरीले फ्रेंच येते? सांगतलं नाही कधी!"

बाबांनी शाल सावरली. "त्यात सांगाचं काय? भाषेची गोडी मीच लावली तिले. माहंच डोकं हाय ते."

अस्सा राग आला! आणि मेलं, बरंही वाटलं.

घरी येऊन ते ट्रम्पेटचं भाषांतर पाठवायला बसले. सोबत उदाहरणाचं एक वाक्य द्यायचं होतं. फ्रेंचमध्ये लिहिलं: माझे बाबा स्वतःवर फुलं उधळतात, आणि कमी पडली की माझी घेतात.