पेट्रोल म्हणजे पेट्रोल

पांढरकवड्यात गफ्फार मिस्त्रीच्या कानाची ख्याती होती. हमरस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा नुसता आवाज ऐकून तो आत काय बिघडलंय ते सांगायचा, आणि बहुतेक वेळा खरंच निघायचं. लोक वाखाणायचे. गफ्फारला ते आवडायचं; नको तितकं आवडायचं.

साठ साली दिवाळीनंतर यवतमाळचे नंदकिशोर वकील हैदराबादेहून एक लाल, दोन माणसांची विलायती मोटार घेऊन आले. शर्यतीत धावलेली गाडी. टाकी रिकामी होत आली होती. गफ्फारच्या शेडला लागूनच निजामुद्दीनचाचांचा पेट्रोलपंप. चाचा हातपंपाची दांडी धरून म्हणाले, "साहेब, माझ्यापाशी साधंच पेट्रोल आहे."

वकील घुटमळले. "विकणाऱ्यानं बजावलं होतं, हिला वरच्या दर्जाचंच घाला म्हणून. काय मिस्त्री, साधं चालेल?"

चहाच्या टपरीवरची माणसं गोळा झालेली. वनखात्याचे ठेकेदार भीमसिंग जीपला टेकून बघत होते. असलं इंजिन गफ्फारनं जन्मात उघडलं नव्हतं. पण सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या.

"पेट्रोल म्हणजे पेट्रोल, साहेब," तो म्हणाला. "ठिणगीचं टायमिंग जरा पुढं घेऊन देतो. अशी उडन की पाहत राहाल!"

टाकी भरली. गफ्फारनं टायमिंग पुढं घेतलं. गाडी सुसाट निघाली आणि वळणावर जोर घेताना तिच्या पोटातून बारीक खटखट आली, पत्र्यावर खडे पडावेत तशी. ती गफ्फारनं ऐकली. होईल शांत पुढं जाऊन, असं त्यानं मनाला सांगितलं.

गाडी मोहदा गाव ओलांडून चढावर बंद पडली. दुसऱ्या दिवशी वकिलांनी गफ्फारला तिथं नेलं. त्यानं इंजिनाचं डोकं उतरवलं. एका पिस्टनच्या माथ्याला भोक पडलं होतं, काठ वितळून गुळगुळीत झालेले. बघताक्षणी त्याला कळलं. हे इंजिन पेट्रोलची वाफ फार दाबून धरणारं. हलकं पेट्रोल तो दाब सोसत नाही, वेळेआधीच भडकतं. अशा वेळी टायमिंग मागं घ्यायचं, गाडी सावकाश न्यायला सांगायचं. त्यानं नेमकं उलटं केलं होतं.

"पेट्रोलमध्ये रॉकेल होतं का हो?" वकिलांनी विचारलं.

गफ्फारनं पान्यावरचं तेल पुसलं. मान वर न करता म्हणाला, "असंल."

तेवढंच. पण ती गोष्ट त्याच्या आधी गावात पोचली. भीमसिंगांनी जीप दुसरीकडे भरायला सुरुवात केली. ओळखीचे ड्रायव्हर चाचांसमोरच पेट्रोलचे थेंब पांढऱ्या कागदावर टाकून रॉकेलचा डाग राहतो का बघू लागले. डाग राहत नसे, तरी तोंडं वाकडी. कागद उडून गेल्यावरही चाचा दांडीला हात लावून उभे राहत.

गफ्फार शेडच्या मागच्या दारानं ये-जा करू लागला. जुम्म्याला मशिदीत शेवटच्या ओळीत बसू लागला. त्याची बायको सुग्राबी एकदा चाचांच्या बायकोला भेटून आली नि म्हणाली, "जैनबबी रडून राह्यली होती आज. चाचांले लोक चोर म्हणतात म्हणे." गफ्फार पुढ्यातलं ताट सारून उठला.

दुसऱ्या सकाळी तो पंपावर गेला. "चाचा, ते पेट्रोल बरोबर होतं. मीच..."

"मले मालूम आहे," चाचा म्हणाले. "गाडी वळली तवा मीबी ऐकली खटखट."

"मग काहून नाही बोलले?"

"तुह्या कानावरच तुहं पोट आहे, बाबू. मले वाटलं, तूच सांगशीन आज ना उद्या."

त्यांनी रागावून दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. गफ्फार तसाच टपरीवर गेला. भीमसिंग बशीत चहा ओतत होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "वकिलांची गाडी मी बिघडवली. चाचांच्या पेट्रोलमध्ये काही नव्हतं. मले त्या इंजिनाचं काही येत नव्हतं, तरी मी येते म्हणून सांगतलं." मग यवतमाळची बस धरून तो वकिलांच्या दारात गेला आणि हेच पुन्हा बोलला. वकील "जा तू" एवढंच म्हणाले. पाणीही विचारलं नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

भीमसिंगांची जीप चाचांकडे परत आली. बाकीचेही आले, हळूहळू. गावाला विसरायला फार दिवस लागले नाहीत. पुढं गफ्फार अनोळखी गाडी आली की "हे मले येत नाही, नागपूरले दाखवा" असं सरळ सांगायला शिकला.

पण चाचांपुढं त्याची मान वर झाली नाही. ईदला ते आपणहून गळाभेट घ्यायचे. आणि रस्त्यावर कुणाची गाडी अडली की दांडी सोडून हाक मारायचे, "तिकडं गफ्फारकडं न्या, त्याचा हात चांगला आहे." गिऱ्हाईक शेडकडे येताना दिसायचं, आणि गफ्फारचे कान तापून लाल व्हायचे.