आईला गरम पाणी मिळेना

काशीत ब्रह्मा घाटावरच्या आमच्या दोन खोल्यांना आईने कुलूप घातलं, ओढून पाहिलं, पुन्हा एकदा ओढून पाहिलं आणि किल्ली शेजारच्या वैद्यकाकूंच्या हातात दिली. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. मी एकुलती एक, तीही लग्न होऊन इंग्लंडात, लीड्सला. आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून मी न्यायला आले होते. काकू म्हणाल्या, "मन नाही लागलं तर सांगा हो, मावशी." आई हसून म्हणाली, "आता लेक ठेवील तसं राहायचं." मला ते वाक्य तेव्हा फार गोड वाटलं.

तुम्ही काशीची मराठी माणसं अजून त्या गल्लीत आहात, किंवा माझ्यासारखेच कुठे कुठे जाऊन पडला आहात. तुम्हालाच हे सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते मला अजून नीट उमगलेलं नाही.

आमच्या इथल्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक पांढरा बॉयलर आहे. त्याला टाकी नाही. वर बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडला की खाली हा पेटतो आणि पाणी वाहता वाहताच तापवतो. आई आली ते दिवस कडाक्याच्या थंडीचे. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं, की अंघोळ करून खाली येते तेव्हा तिची बोटं निळी पडलेली असतात आणि चहाचा कप ती दोन्ही हातांत धरून बसते. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "नलातून ठंडं येतं ग. पहिला लोटा कोमट, मग ठंडं."

मी वर जाऊन नळ सोडला. हात भाजला. दुसऱ्या दिवशी तेच. मी न्हायले तर गरम, माझा नवरा मिलिंद न्हायला तर वाफा, आई न्हायली की गार. बॉयलर माणसं ओळखतो की काय, असं म्हणून मिलिंद हसला खरा, पण त्याने काही बाकी ठेवलं नाही. दाबाचा काटा पाहिला, थोडा खाली होता म्हणून बॉयलरखालची चावी फिरवून पाणी भरलं. गरम पाण्याचं बटण वाढवलं. रिसेट केला. शेवटी मेकॅनिक बोलावला. त्याने झाकण उघडलं, सगळे नळ भसाभसा सोडून पाहिले आणि यंत्र ठणठणीत आहे असं सांगून गेला.

मग बिघडलंय तरी काय? मिलिंद हळूच म्हणाला, "आईंना एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" मी त्याच्यावर उसळले, पण शंकेचं पिल्लू डोक्यात शिरलं ते शिरलंच. माघात पहाटे गंगेत डुबकी मारणारी माझी आई, तिला एवढं गार कसं वाटतं? मी तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, "गंगाजीचं ठंडं आपण होऊन घेतलेलं असतं." हे शहाणपणाचं उत्तर होतं की भरकटल्याचं, तेही मला कळेना. मी गप्पांच्या ओघात तिला नातेवाइकांची नावं विचारू लागले, वार विचारू लागले. तिला ते समजलं असावं. एका सकाळी ती म्हणाली, "माझंच काही बिगडलं असेल, बेटा. तुम्ही गरम म्हणता, तर गरमच असेल." गार पाण्याला गरम म्हणायला ती तयार झाली होती.

पुढच्या रविवारी तिचा खांदा दुखत होता म्हणून केस धुवायला मी आत गेले. ती टबात स्टुलावर बसली, बादली ओढली आणि गरम पाण्याचा नळ सोडला. सोडला कसला, सुतासारखी धार. खाली बॉयलर गप्प. मी पुढे होऊन नळ पूर्ण फिरवला, तर खाली भक्क करून तो पेटला आणि बादलीतून वाफा आल्या. एवढंच होतं. धार बारीक असली की कुणी पाणी मागतंय हे त्या यंत्राला कळतच नाही. पहिला कोमट लोटा म्हणजे आधीच्याच्या अंघोळीचं नळीत उरलेलं पाणी.

"एवढा कमी का सोडतेस?"

"मिलिंदरावांना कामावर जायचं असतं. मागच्यांना उरायला नको का?"

काशीत आमच्याकडे बंब होता. बादलीभर गरम घेतलं की बादलीभर गार त्यात ओतायचं, म्हणजे पुढच्याची सोय. आई नेहमी सगळ्यांच्या शेवटी न्हायची, तेव्हा बंबात काय उरत असेल ते मी जन्मात विचारलं नाही. पुढे गीझर आला, तोही टीचभर टाकीचा. इथलं पाणी संपत नाही, हे तिला खरंच वाटेना. इथे गार कुठे ओतायचं, असंही तिने विचारून घेतलं. मी रोज सांगायची, "मोठा सोड, आई. जोरात मागितल्याशिवाय हा पेटत नाही." तिचा हात नळावर जायचा आणि अर्ध्यातच थांबायचा.

मग एका सकाळी वर धो धो आवाज झाला आणि माझ्या शेजारी बॉयलर घरघरू लागला. थांबेचना. मी पोळपाटावर डोकं टेकून रडले. आईचं डोकं शाबूत होतं.

ती खाली आली. बोटं गुलाबी, ओल्या केसांना पंचा. चहा पूर्ण प्यायली आणि म्हणाली, "मला बनारसला जायचंय. तिथेच राहायचंय."

"इथे काय कमी पडलं?"

"काही नाही. मला जायचंय."

जन्मभरात स्वतःसाठी काही मागताना मी तिला ऐकलं नव्हतं. साडी कोणती हवी विचारलं तरी "कुठलीही चालेल" म्हणणारी बाई. मला राग आला, अभिमान वाटला, आणि दोन्हींचं काय करायचं ते सुचेना. मिलिंदने तिकीट काढलं.

आता ती ब्रह्मा घाटावर आहे आणि फोनवर खुशीत असते. तेच तिचं घर, हे मला पटतं. आपलं घर कुठलं, असं लोक मलाही विचारतात. जिथे माणूस मोकळेपणाने मागू शकतो ते घर, असं उत्तर मी जवळजवळ ठरवलं होतं. पण परत जायचं तिने मागितलं ते माझ्या स्वयंपाकघरात बसून. त्या दोन खोल्यांत ती उभा जन्म राहिली, आणि तिथे तिने कधी काहीच मागितलं नाही.