दारावरची डबी

मी गोदामांत डब्या बसवते. साबणाच्या वडीएवढी डबी, आत तापमान मोजायची सोय आणि एक बॅटरी. मानकोलीच्या एका गोदामाच्या छपरावर आमचा अँटेना आहे. लांबलांबच्या डब्या दर पंधरा मिनिटांनी त्याला दोन-चार आकडे कळवतात आणि पुन्हा गप्प होतात. ना वायफाय, ना सिमकार्ड. इतकं कमी बोलतात म्हणून एक बॅटरी वर्षानुवर्षं पुरते. साहेब गिऱ्हाइकांना हे कौतुकानं सांगतात. मला त्याचं कसलं कौतुक? निजामपुऱ्यातल्या खोलीत मी एकटी राहते. दिवसभरात वॉचमनला "भैया, सीढ़ी देना" म्हटलं की माझं बोलणं संपलं.

आई शेलार गावात, तीही एकटी. बाबा गेल्यावर तिला खोलीवर आणलं होतं, पण गल्लीतल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात तिला झोप येईना. आठवड्यात परत गेली. मग मी रोज सकाळी फोन करायचे आणि रोज आमचं वाजायचं. विषय एकच, माझं लग्न.

"एकटी किती दिस राहशील?"

"तू राहतेस तशी राहीन."

शेवटी कामावरून दाराची एक जुनी डबी मागून घेतली आणि तिच्या मागच्या दारावर बसवली. दार उघडलं की तेवढंच माझ्या मोबाइलवर दिसणार. आई उठल्याबरोबर तेच दार उघडून अंगण झाडते.

"हिला काय समजतं गो?" आईनं खालून विचारलं.

समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता. "सगळं समजतं," मी स्टुलावरूनच म्हटलं. "तू कशी आहेस, ते मला तिकडं कळतं."

मग फोन दिवसाआड झाला, पुढे आठवड्यावर गेला. सकाळी मोबाइलवर 'दार उघडलं' दिसायचं आणि मी निर्धास्त चहा टाकायचे. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटायचं.

गेल्या थंडीतली गोष्ट. शुक्रवारी आमच्या गल्लीतले लूम बंद असतात. त्या दिवशी ती शांतता मला खायला उठली, म्हणून रजा टाकून शेलारला गेले.

आई खाटेवर पडलेली, अंग तापलेलं. शेजारच्या काकी तिला पेज पाजत होत्या. चार दिवस झाले म्हणाल्या. चारही दिवस सकाळी दार त्यांनीच उघडलं होतं.

"मला फोन नाही का करायचा?" मी ओरडलेच.

"मी करतच व्हते. हीच नको बोलली. मी दार उघडलं का त्या डबीला सांगायची, 'बाय, ताप हाय मला, ये.' बोलायची, पोरीला समजलंय, कामात असंल, येल सवडीनं."

काकी रिक्षा बघायला गेल्या. आईनं डोळे उघडले आणि माझा हात धरला.

"मी सांगत व्हते ते पोचलं ना गो तुला?"

नाही म्हणावं, तर चार दिवस ती नुसत्या दाराशी बोलत होती. हो म्हणावं, तर मला कळूनही मी आले नव्हते.

"पोचलं," मी म्हटलं. "सुट्टी मिळाली नाही."

"असू दे," ती म्हणाली. "आलीस ना."