गाणं टाकायचं राहिलं

रूपा चहा बशीत ओतून पिते. हेडफोन एकाच कानाला लावते. फोनवर बोलताना ओढणीचं टोक चावते. नवरीचा फोटो उजळ करते, स्वतःचा कधी करत नाही. ‘मला’ म्हणण्याआधी क्षणभर अडखळते.

ही शेवटची सवय धम्मरत्नमुळे लागली.

रूपा माझी शाळेपासूनची मैत्रीण. मंगरूळपीरला बादलभाऊंच्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. धम्मरत्न इथल्याच कारंज्याचा, नोकरीला पुण्यात. डेटिंग अ‍ॅपवर भेटला. रोज फोन. ती ‘मले’ म्हणाली की टोकायचा, ‘मला म्हण. पुण्यात हसतील लोक.’

मी मराठीत एम.ए. केलेलं, म्हणून ती माझ्याकडे आली. ‘मले शुद्ध बोलणं शिकव.’ आम्ही बसस्टँडवर बसून घोकायचो. मला, तुला, त्याला. ती पुरती शिकली आणि त्यानं तिला ब्लॉक केलं. कारण सांगितलं नाही.

उन्हाळ्यात त्याच्याच प्री-वेडिंगचं शूटिंग स्टुडिओत आलं. नवरी किन्हीराजाची, सपना; काम तिच्या घरच्यांनी दिलेलं. रूपानं हेडफोनचा एक कान मला दिला.

सपना म्हणत होती, ‘मले ऊन लागून राह्यलं.’

‘मले नाही, मला. पुण्यात हसतील लोक.’

सपनानं पदर डोक्यावर घेतला. तेवढ्यात कॅमेरावाल्याचा ड्रोन बाभळीत अडकला. धम्मरत्न ओरडला, ‘अबे, काहून थांबला? मले चटके बसून राह्यले!’

असले आवाज पुसून वर गाणं टाकायचं असतं. रूपानं हेडफोन काढून घेतला.

‘याला मी सोडणार नाही,’ ती म्हणाली. अगदी शुद्ध मराठीत.

लग्नात मोठ्या पडद्यावर फिल्म लागली. गाणं नव्हतंच. त्याचा आवाज हॉलभर घुमला. आधी पोरं हसली. ‘मले चटके’ला तर वाढपीही हसले. सपनाचे वडील हसले नाहीत. तिची आत्या उठून उभी राहिली.

‘काहून जी जावाई, आमची बोली खटकते काय तुमाले? मंग तुमी कोन्या देशाचे?’

सपना खुर्चीतूनच मोठ्यानं म्हणाली, ‘मले पाणी पाह्यजे.’

धम्मरत्ननं निमूट आणून दिलं.

मी रूपासोबत आले होते. रूपा लॅपटॉपमागून फक्त त्याच्याकडे बघत होती. हसत नव्हती. पोटभर जेवल्यासारखी बसली होती.

बादलभाऊ धावत आले. ‘रूपे, गाणं कुठं हाय?’

‘राहून गेलं भाऊ. मले टाइमच नाही भेटला.’

अडखळली नाही.

सपनाच्या घरी द्यायची प्रत अजून बाकी आहे. बादलभाऊ अधूनमधून आठवण करतात. ‘गाणं टाक आन् देऊन टाक बाप्पा.’ ‘टाकते,’ म्हणते रूपा, आणि दुसऱ्याच कुणाचं लग्न उघडते. त्या फिल्ममधली गाण्याची पट्टी अजून रिकामीच आहे.